पार्किंगमधली होडी : कामाच्या नोंदी

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

होडी आली. पानशेत धरणाच्या पाण्याकाठी एक बंद पडलेलं कृषी पर्यटन केंद्र आहे, त्याच्या मागे करवंदीच्या जाळीत पालथी पडली होती. फायबरची, लांबी बारा फूट, रुंदी चार फूट चार इंच. वल्ह्यांची आहे, पण मागे छोटं इंजिन लावायची सोय. रंग एके काळी निळा असावा. मालकांनी अकरा हजार सांगितले, नवावर तुटलं. पैसे मोजताना म्हणाले, "फायबर आहे साहेब, त्याला काय होतंय? धुवा आणि सोडा पाण्यात." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो आहे. पुढे उपयोगी पडेल.

छोट्या हत्ती टेम्पोचा हौदा सात फुटांचा, होडी बारा फुटांची. नाळ (होडीचं पुढचं टोक) केबिनच्या टपावर चढवली, मागे लाल फडकं बांधलं आणि खडकवासल्याच्या चौपाटीवरून वरात निघाली. कणसं खाणारी माणसं कणीस तोंडाशी तसंच धरून बघत राहिली.

घर पुण्यात धायरीत, रो-हाउस, पार्किंग दहा बाय अठरा. गाडी रस्त्यावर गेली, होडी आत आली. शेजारचे काका लगेच फाटकाशी हजर. गेल्या वर्षी २५ जुलैला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लष्कराला बोटी घेऊन यावं लागलं होतं. काका म्हणाले, "चला, आपली सोय झाली. आमचं नाव दोन नंबरला लिहून ठेवा." आपली गल्ली नदीपासून किती उंच आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आई गॅलरीतून बघत होती. "एकसष्ट साली आणायची होतीस," एवढंच म्हणाली आणि आत गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि घर नारायण पेठेत होतं. माझा जन्म व्हायला अजून बरीच वर्षं होती, पण तिच्या हिशोबात ही सबब चालत नाही.

२ मार्च, रविवार

धुलाई. घमेलंभर माती, पाचोळा, एक विंचू. विंचवाला सुपलीतून मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोचवला.

मग वजन. भंगारवाल्याकडून टांगता काटा आणला, लोखंडी घोडीला बांधला. पुढचं टोक उचललं तर ४६ किलो, मागचं उचललं तर ७२. एकूण ११८. एवढ्या होडीचं वजन ऐंशीच्या आसपास असावं. मग हे वरचे पस्तीस-चाळीस किलो आले कुठून? आणि मागेच का?

दुपारी कलिंगडवाल्याचं काम केलं. म्हणजे पाच रुपयांचं नाणं घेऊन सगळ्या होडीवर वितीवितीने ठोकत गेलो. जिथे फायबर घट्ट आहे तिथे 'टण' असा आवाज येतो. जिथे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे तिथे 'थप'. थप आला की खडूने गोल. तळाला दोनच गोल झाले, दोन्ही तळहाताएवढे. दोन्ही बाकांखाली बरेच. मागच्या उभ्या फळीवर, जिथे इंजिन अडकवतात, तिथे गोल काढणं सोडून दिलं. सगळी फळीच थप.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून कडक केलेली. ती कुजत नाही, हे मालकांचं म्हणणं खरंच. पण नुसत्या फायबरला इंजिनाचा भार आणि हिसका पेलत नाही, म्हणून मागच्या फळीत दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड घालतात. आणि प्लायवूड कुजतं. बाहेरून दिसतं सगळं गुळगुळीत.

९ मार्च, रविवार

बाकं उघडली. ग्राइंडरला कटिंग व्हील लावून वरचं झाकण चारी बाजूंनी कापलं. आत पिवळा फोम असतो, होडी उलटली तरी बुडू नये म्हणून भरलेला. हात घातला तर तो हाताला लागला ओल्या पावासारखा. पिळला तर पाणी! सात वर्षं कोरड्या जमिनीवर पडलेल्या होडीतून मार्चमध्ये पाणी पिळतो आहे.

सगळा फोम काढून जुन्या गोणपाटात भरला, तोलला. ३१ किलो. एक तुकडा वेगळा मोजून गच्चीवर वाळत टाकला आहे, उत्सुकता म्हणून.

३० मार्च, रविवार, पाडवा

काम बंद. मुलीने होडीच्या नाळेलाही फुलांची माळ घातली. गच्चीवरचा तुकडा तोलला: ओला १ किलो होता, आता दोनशे ग्रॅमही नाही. म्हणजे ३१ किलोंत जेमतेम सहा किलो फोम आणि बाकी पानशेतचं पाणी.

पलीकडच्या आजींनी विचारलं, पालथ्या होडीवर कुरडया वाळत घालू का, ऊन छान लागतं म्हणून. मी काही बोलायच्या आत बायकोने नको म्हणून सांगितलं. बरं झालं. पुढच्या आठवड्यापासून इथे जी धूळ उडणार आहे ती कुरडईत कोणालाही पचली नसती.

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस मागच्या फळीचा.

बाहेरचा थर तसाच ठेवायचा आणि आतून कापायचं, हे आधीच ठरवलं होतं. बाहेरचा आकार टिकला की नवीन प्लाय बसवायला तोच साचा होतो. कडेपासून दोन इंच सोडून आतला थर चौकोनी कापला. पटाशी सारून उचकटला तर झाकणासारखा सुटून आला, आवाजसुद्धा न करता. चिकटलेला नव्हताच. मागे प्लाय असायला हवं होतं, तिथे काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा. चमच्याने काढता येईल असा. खरंच चमच्याने काढला, पटाशी नुसती भिजत होती. वास ओल्या तंबाखूचा.

पण वरच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर प्लाय ठणठणीत कोरडं निघालं, पटाशीला दाद देईना. तिथून खाली यावं तसं रंग बदलत जातो: पिवळा, तपकिरी, काळा. म्हणजे पाणी वरून आलेलंच नाही. त्या काळ्या रंगाचा माग काढत बोटाने खाली आलो तर थेट तळाच्या भोकापाशी थांबलो, पाणी काढायचा बूच असतो तिथे. कोणीतरी कधीतरी प्लायमधून सरळ भोक पाडलं, त्यात पितळी नळी ठोकली आणि भोकाची आतली कड उघडीच ठेवली. ना रेझिन, ना भेगा बुजवायची लांबी. मिसरूड न फुटलेल्या पोरानेही स्टीलच्या डब्याला भोक पाडलं तर कडेला कानस मारतो. इथे पाच मिनिटांचा कंटाळा केला, आणि प्लायच्या थराथरातून पाणी केशवाहिन्यांसारखं वर चढत गेलं. बाकांखालच्या फोममध्येही ते तिथूनच गेलं, तळाच्या पन्हळीतून.

सुटा लगदा १४ किलो. ३१ आणि १४ मिळून ४५. हिशोब लागला.

रात्री दापोलीच्या मामांना फोन केला. त्यांच्या वडिलांची लाकडी होडी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पठाण कसा आहे?" पठाण म्हणजे होडीचा कणा, तळाचं मुख्य लाकूड. म्हटलं मामा, हिला पठाणच नाही, वांक म्हणजे आतल्या फासळ्याही नाहीत, सगळं अंग एकच. थोडा वेळ गप्प. मग, "मग ती होडी नव्हे, टप आहे."

१३ एप्रिल, रविवार

भवानी पेठ, टिंबर मार्केट. १२ मिलिमीटरचं प्लाय, दोन थर चिकटवून २४ होईल. दुकानदार म्हणाला 'मरीन घ्या', आणि जे दाखवलं त्यावर शिक्का होता आयएस (भारतीय मानक) ३०३ चा. ते घरातल्या फर्निचरचं. मरीनचा क्रमांक आयएस ७१०, आणि त्याच्या परीक्षेत प्लायचा तुकडा ७२ तास उकळवतात तरी थर सुटता कामा नयेत. हे मी सांगितल्यावर त्याने आतून दुसरं काढलं. भाव ऐकून मीही थोडा आत गेलो.

घरी येऊन कापातला एक तुकडा जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. ७२ तास गॅस जाळायची परवानगी मिळाली नाही, सहा तासांवर तडजोड झाली. थर सुटले नाहीत. जुन्या कपाटाच्या फळीचा तुकडाही सोबत टाकला होता, तो दीड तासात वहीच्या पानांसारखा उलगडला.

२० एप्रिल, रविवार

ग्राइंडिंग. ३६ नंबरची चकती. नवीन मॅट (काचतंतूंची चटई) जुन्या फायबरवर चिकटते ती रासायनिक जोडाने नव्हे, खरखरीत पृष्ठभागाला धरून. म्हणून चकाकी पूर्ण मारावी लागते. तळाच्या दोन मऊ जागा कापून कडांना उतार काढायचा: जाडीच्या बारा पट. तळ सहा मिलिमीटर जाड, म्हणजे भोकाच्या चारी बाजूंना ७२ मिलिमीटरचा उतार. तळहाताएवढी जखम बघता बघता ताटाएवढी झाली. पाहवत नाही, पण उतार कमी ठेवला की ठिगळ एक दिवस कडेने सुटतं.

तोंडावर दोन फिल्टरचा मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मोज्यांवर चिकटपट्टी. तरीही मानेपाशी शिरलीच. खाजकुयली परवडली. शिकलेला धडा: गरम पाण्याने आंघोळ करायची नाही, आधी गार पाणी, आणि टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. ते कपडे वेगळे धुवायचे. हा शेवटचा मुद्दा मला धुलाईनंतर, बायकोच्या आवाजात समजला.

संध्याकाळी फाटकाला पाटी लागलेली. काकांचं अक्षर मी ओळखतो. 'धूळ ही सार्वजनिक मालमत्ता नाही. ज्याची त्याने आपल्या घरात ठेवावी.' गेलो, माफी मागितली. ठरलं: ग्राइंडर फक्त १० ते १२, ताडपत्रीच्या आत, आणि आधी फरशी ओली करून. त्यांचं बरोबरच होतं. पाटी मात्र काढली नाही, चांगली आहे.

२७ एप्रिल, रविवार

रेझिनचा पहिला दिवस आणि पहिली फजिती.

सामान भोसरीच्या बाजूहून आणलं: पॉलिएस्टर रेझिन २० किलो, ४५० ग्रॅमची मॅट (म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम), हार्डनर, अॅसिटोन, रोलर. त्याऐवजी इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, घ्यावं का यावर बरंच डोकं घातलं होतं. जुन्या फायबरला ते जास्त घट्ट धरतं, पण महाग, शिवाय त्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट (सगळ्यात वरचा रंगीत थर) नीट वाळत नाही. आणि ही जी साधी मॅट असते, तिचे तंतू बांधून ठेवणारा चीक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. मॅट मऊच पडत नाही. म्हणून फक्त भोकांच्या कडांना इपॉक्सी, बाकी सगळं पॉलिएस्टर.

रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आधीच घातलेलं मागून घेतलं. सुटं घेतलं तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत सरळ ओतले तर भडका उडतो. दुकानातही ते दोन वेगळ्या कपाटांत होते, हे पाहून बरं वाटलं.

आता फजिती. सकाळचे अकरा, पारा चाळिशीला टेकलेला. मी बादलीत दोन किलो रेझिन घेतलं आणि हिशोबाने दोन टक्के हार्डनर घातलं. ढवळलं, मॅटचा पहिला तुकडा भिजवला, दुसरा घ्यायला वळलो. ब्रश बादलीत उभा. म्हणजे कशाचाही आधार नसताना उभा. रेझिनची जेली झाली होती. मग बादली तापायला लागली, मग धूर, मग तळाला तडकल्याचा आवाज. अंगणात नेऊन वाळूत ठेवली. पाच-सहा मिनिटांत दोन किलो रेझिन, एक ब्रश आणि एक बादली गेली. काका गॅलरीत उभे होते. काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

४ मे, रविवार

अण्णांना बोलावलं. अण्णा मंडळांच्या देखाव्यांचे फायबरचे हत्ती, कमानी, मंदिरांचे कळस करतात. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने आले. पार्किंगमध्ये शिरल्या शिरल्या वाळूतली बादली बघून म्हणाले, "साहेब, दोन टक्के ना?"

त्यांचा नियम: उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू, साडेआठला बंद. हार्डनर एक टक्का, त्याच्या खाली कधीच नाही, नाहीतर माल आयुष्यभर कच्चा राहतो. एका वेळी चारशे ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही. आणि खोल भांड्यात नाही, पसरट भांड्यात. उष्णता अडकली की रेझिन स्वतःलाच शिजवतं. पसरट भांडं म्हणून त्यांनी कट्ट्यावरची परात उचलली. मी अडवायला हवं होतं.

मग मी फक्त बघत होतो. मॅट कात्रीने कापत नाहीत, हाताने फाडतात, म्हणजे कडा विरळ होतात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळतात. आधी जागेवर रेझिन, मग मॅट, मग वरून रेझिन, तेही ब्रशने ओढायचं नाही, टेकवायचं. टप, टप, टप. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होत जाते, कागदावर तेल पसरावं तशी. मग लोखंडी खाचांचा रोलर मधून कडेकडे, आणि बुडबुडे पळताना दिसतात. एक बुडबुडा माझ्या बाजूला राहिला होता. अण्णांनी रोलर न उचलता भुवईने दाखवला.

मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद, असा माझा समज होता. "रेझिन नुसतं ठिसूळ असतं हो," अण्णा म्हणाले, "चिक्कीत गूळ जास्त झाला तर काय होतं?"

तळाच्या दोन्ही जागा झाल्या. लहान तुकडा आधी की मोठा, यावर थोडा वाद घातला आणि हरलो.

परातीबद्दल नोंद: नवीन आणून दिली.

११ मे, रविवार

मागची फळी बसली. नव्या प्लायला आधी पातळ रेझिन पाजलं, कडांना दोनदा. कडेनेच लाकूड पाणी पितं. मग रेझिनमध्ये टाल्क आणि बारीक काचतंतू घालून केलेली खळ, श्रीखंडाएवढी घट्ट. ती पसरून प्लाय दाबलं आणि सहा शिकंजे लावले. चारी बाजूंनी खळ सारखी बाहेर आली. कुठे पोकळी राहिली नाही याची तेवढी एकच खूण. कोपऱ्यांत तिलाच बोटाने गोलाई दिली, कारण मॅट काटकोनात वळत नाही. वरून मॅटचे चार थर.

बाकांखाली काय भरायचं हा प्रश्न होता. थर्माकोल सुचवणारे घरोघर भेटतात. अण्णांनी प्रात्यक्षिक दिलं: थर्माकोलच्या तुकड्यावर चमचाभर रेझिन. तुकडा साबुदाण्यासारखा विरघळला, भोक आरपार. फोम परत नको होता. जे पाणी पिऊ शकतं ते होडीत ठेवायचंच नाही, असं आता माझं मत झालं आहे. शेवटी ठरलं, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या, बुचं घट्ट लावून. ६० बाटल्या म्हणजे १२० लिटर हवा, म्हणजे साधारण १२० किलोंचा उचल, आणि बाटल्यांचं स्वतःचं वजन तीन किलो. एखादी फुटली तरी बाकीच्या ५९ आहेत. मुलीने कॉलनीच्या ग्रुपवर 'रिकाम्या बाटल्या पाहिजेत' असं टाकलं. दोन दिवसांत ८३ आल्या. लोक काय पितात ते कळलं.

१८ मे, रविवार

उरलं होतं: बाकांची झाकणं बसवणं, बाहेरून एक सलग थर, मग जेलकोट. पुण्यात मॉन्सून यायची सरासरी तारीख १० जून. हातात तीन आठवडे, म्हणून निवांत होतो. सकाळी लग्नाला गेलो, संध्याकाळी पाचला बाहेरचा थर घ्यायला बसलो. ढग होते. अण्णांचं 'साडेआठला बंद' आठवलं, पण ते उन्हासाठी आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. मॅटची पिशवी आठवडाभर उघडीच होती, हेही त्या वेळी डोक्यात आलं नाही.

२० मे, मंगळवार

कालपासून पाऊस. रविवारचा थर पाहिला: पारदर्शक व्हायला हवा तिथे दुधाळ, हाताला चिकट. मॅटने दमट हवा पिऊन ठेवली होती. अण्णांना फोटो पाठवला. उत्तर एका शब्दात: "काढा."

२६ मे, सोमवार

मॉन्सून आज मुंबई-पुण्यात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. दोन आठवडे आधी. मुंबईत तर १९५० पासून इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. ताडपत्री दुहेरी केली, होडी पालथी घातली, तळाखाली हवा खेळावी म्हणून विटा. दुधाळ थर तसाच आहे. चार महिने त्याच्याकडे बघत राहायचं.

आई म्हणाली, "पाऊस काय तुला विचारून येणार होता?"

२२ जून, रविवार

माउलींची पालखी आज पुण्याहून सासवडला. दिवे घाट बंद, त्यामुळे सासवडच्या मित्राकडे जायचं राहिलं. त्याच्याकडे शेततळं आहे. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत प्लास्टिकचा कागद. होडीची चाचणी तिथे घेऊ देतोस का, विचारलं. अट एकच: कागदाला ओरखडाही नको.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

दापोलीच्या मामांचा फोन, 'टपाला नारळ वाढवलास का?' वाढवला, ताडपत्री थोडी बाजूला करून. वल्ही तासून झाली, साडेसात फुटांची. जवसाचं तेल तीन हात. पावसात तेवढंच होण्यासारखं होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसांचे गणपती. काकांची सूचना: कॉलनीचा विसर्जनाचा हौद फुटलाय, तर यंदा होडीत पाणी भरून तिथेच विसर्जन करू, गळते का तेही कळेल. पाणी बाहेर ठेवायला सहा महिने खपलेल्या माणसाला हे सांगायला धीर लागतो. नाही म्हटलं. शिवाय दोन घोड्यांवर सात-आठशे लिटर पाणी पेललं नसतं, हे कारण पुढे केलं.

अण्णा अनंत चतुर्दशीपर्यंत मिळणार नाहीत.

१४ आणि २१ सप्टेंबर

दुधाळ थर ग्राइंडरने काढला. १०० टक्के माझा दोष, म्हणून अण्णांना मदतीला बोलावलं नाही. अधूनमधून उघडीप. मॅट या वेळी घट्ट बांधलेल्या पिशवीत, आदल्या दिवशी उन्हात. २१ ला सकाळी बाहेरचा थर अण्णांसह. काचेसारखा उतरला. बाकांची झाकणंही बसली, ६० बाटल्या आत.

२८ सप्टेंबर, रविवार

जेलकोट, पांढरा. पॉलिएस्टरचा वरचा थर हवेत उघडा राहिला तर चिकटच राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळलेलं स्टायरीन घालतात. मेण वर तरंगून हवा तोडतं. पण दोन हात द्यायचे असतील तर पहिल्यात मेण नको, नाहीतर दुसरा त्यावर धरत नाही. हे बरोबर केलं. रोलरने लावल्यामुळे संत्र्याच्या सालीसारखा आलाय. पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर: २२०, ४००, ८००, मग रबिंग. मुलगी ४०० पर्यंत सोबत होती.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

ग्राइंडर, रोलर, शिकंजे, टांगता काटा, नवीन परात (मागून आणली), सगळ्यांची पूजा. आई पाटावरून उठून पार्किंगमध्ये आली. होडी घोड्यांवर सरळ ठेवलेली. मुलीने स्टूल दिलं, आई आत जाऊन मागच्या बाकावर बसली. दोन्ही हात काठांवर. एकसष्टच्या पुरात लकडी पुलावरून पाणी गेलं ते तिने सांगितलंय पूर्वी. आज वेगळंच सांगितलं: पूर ओसरल्यावर घरात चिखल, त्यात पितळेचा डबा सापडला, झाकण घट्ट होतं, आतले पोहे कोरडे. ते पोहे त्यांनी त्या रात्री खाल्ले. "झाकण माझ्या आईने लावलं होतं," म्हणाली. मग, "उतरवा आता, आमटी लागेल."

२६ ऑक्टोबर, रविवार

तोलली. पुढे ३९, मागे ४३. एकूण ८२.

कडीचे स्क्रू, वल्ह्यांचे आधार, बुचाची नळी: प्रत्येक भोक आधी मोठं पाडलं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरलं, वाळल्यावर त्यात मधोमध लहान भोक. म्हणजे स्क्रूला लाकूड दिसतच नाही. एकूण २२ भोकं, दोन संध्याकाळी. बुचाच्या भोकाला जास्त वेळ दिला.

२ नोव्हेंबर, रविवार

सासवड. पुन्हा छोटा हत्ती, या वेळी दिवे घाटातून. शेततळ्याच्या काठावर जुन्या गोधड्या अंथरल्या, कागदाला काही लागू नये म्हणून. मित्र प्रत्येक पावलाला "हळू" म्हणत होता. प्लास्टिकचा उतार शेवाळाने निसरडा असतो, पडलेल्या माणसाला चढता येत नाही. म्हणून दोघांना लाइफ जॅकेट, होडीला दोन बाजूंनी दोर, आणि काठावर दोर धरायला मित्र आणि त्याचा गडी.

सुटली. मागे बसलेली नाही, एका अंगाला झुकलेली नाही. खुणेसाठी पेन्सिलची रेघ मारली होती, पाणी तिच्या दोन बोटं खाली.

वल्हवता मला येत नाही हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. आठ महिन्यांत हा विषयच निघाला नव्हता. पंधरा मिनिटं स्वतःभोवती फिरलो. मग मुलीने वल्ही घेतली आणि सरळ पलीकडच्या काठाला नेली.

परत येताना पायाला गार लागलं. तळात पाणी. फार नाही, पेलाभर. पुसलं, बघत बसलो, परत आलं. मागून. माझ्या तोंडचंही पाणी पळालं. गुडघ्यांवर बसून बुचापाशी बोट लावलं: नळीच्या कडेने नाही, भरलेल्या इपॉक्सीतून नाही, बुचाच्या आट्यांमधून झिरपत होतं. बूच घट्ट होतं. वॉशर नव्हता. सकाळी निघताना तो हरवू नये म्हणून मीच काढून शर्टाच्या खिशात ठेवला होता, आणि शर्टावर लाइफ जॅकेट होतं.

पुढच्या खेपेला: रबरी वॉशर डझनभर. एक दोरीने बुचालाच बांधणे.